कॉव्हेंट्रीचे शॉर्टस्टॉप मामा

आमच्या हिच्या मामांइतका चेंडू अडवणारा मराठी माणूस अटलांटिकच्या अलीकडच्या काठावर झालेला नाही, असं मी बेधडक सांगतो. हे कोणी खोडून काढील अशी मला भीती नाही, कारण अलीकडच्या काठावर बेसबॉल खेळणारा दुसरा मराठी माणूस मला तरी भेटलेला नाही. इंग्लंडात राहून क्रिकेट न खेळणं समजू शकतं, फुटबॉल न बघणंही एक वेळ खपून जातं. पण क्रिकेटच्या माहेरी येऊन बेसबॉल खेळणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन साधं वरण-भात मागण्यासारखं आहे. मामांनी ते जन्मभर मागितलं, आणि मिटक्या मारत खाल्लं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात कंपनीच्या कामासाठी मी पुण्याहून कॉव्हेंट्रीला आलो. लग्न नुकतंच झालेलं, आणि त्या अख्ख्या देशात आमचं म्हणावं असं माणूस म्हणजे बायकोचे हे मामा. तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, पन्नाशीला टेकलेले, अंगाने काटक, डोक्यावर केस बेताचे. डॉक्टरमामा स्टेशनवर घ्यायला येणार म्हणून मी टायबिय लावून उतरलो, तर समोर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली पांढरी पँट घातलेला एक माणूस उभा. मी वाकून नमस्कार करायला गेलो आणि खांद्यावरच्या पिशवीचा बंद तुटला. सासूबाईंनी जिवापाड जपून न्यायला सांगितलेली लोणच्याची बरणी थेट फलाटाकडे निघाली. पुढे काय झालं ते मला नीट दिसलंच नाही. मामा कमरेत वाकलेले दिसले, बरणी त्यांच्या डाव्या पंज्यात दिसली, आणि ते सरळ होता होता विचारत होते, प्रवास कसा झाला, ट्रेनमध्ये जागा मिळाली ना. बरणी झेलली याचा उल्लेखही नाही. मामी मागून आल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ते असंच करतात."

ते खरोखरच असंच करत. मामांच्या घरात कुठलीही वस्तू जमिनीपर्यंत पोचू शकत नसे. ओट्यावरून घरंगळलेला कांदा, कपाटातून सुटलेलं झाकण, टेबलाच्या कडेला ठेवलेला चष्मा, सगळ्यांची गाठ मधल्या वाटेत मामांच्या पंज्याशी पडे. एकदा मामींनी वैतागून मुद्दाम स्टीलची वाटी खाली टाकली, निदान एकदा तरी घरात भांडं पडल्याचा आवाज येऊ दे म्हणून. तो काही आला नाही. झेलण्याची ही कथा, तर देण्याची दुसरी. मामा कुणाला काही हातात देत नसत, फेकत. संत्रं, किल्ल्या, टीव्हीचा रिमोट, हे सगळं खोलीच्या दुसऱ्या टोकावरून सूं करत येऊन तुमच्या छातीशी थांबे. नेम इतका अचूक की तुम्ही हात उचलले नाहीत तरी वस्तू नेमकी खिशाजवळ लागे. मामी म्हणत, अहो, माणसासारखं हातात द्या. त्यावर मामांचं म्हणणं असं, की चालत जाऊन देण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात माणूस बेसवर पोचतो. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र ते काम नसलं की हात पाठीमागे बांधून उभे राहत. फार पूर्वी एका सर्जनच्या हातून निसटलेली कात्री त्यांनी हवेतच टिपली होती. झेलली काय आणि पडली काय, निर्जंतुकपणा गेल्याने दोन्हीकडून ती बादच; पण त्या वेळी सिस्टरने त्यांच्याकडे जसं बघितलं ते मामा पुढे कधी विसरले नाहीत.

शॉर्टस्टॉप म्हणजे काय हे मला त्यांनी पहिल्याच रविवारी समजावलं. बेसबॉलच्या मैदानात चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खिंडीत जो उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. मारणारे बहुतेक उजव्या हाताचे, त्यामुळे जमिनीवरून सरपटत येणारे जहाल चेंडू नेमके त्याच खिंडीत घुसतात. ते अडवायचे, उचलायचे आणि मारणारा पहिल्या बेसवर पोचायच्या आत तिकडे फेकायचे. "बाजीप्रभूचं काम आहे," मामा म्हणाले, "फक्त इथे दर रविवारी करायचं असतं, आणि घरी परत यायचं असतं." अमरावतीला शाळेत सॉफ्टबॉल खेळताना ही खिंड त्यांना सापडली. पुढे मेडिकल, मग इंग्लंड. हॉस्पिटलच्या क्रिकेट टीमने बॅटिंग येत नाही म्हणून त्यांना पाणी न्यायला ठेवलं, आणि अशाच एका उदास रविवारी एका पार्कात त्यांना हातात चामडी पंजे घातलेली माणसं दिसली. मामा कुंपणापाशी उभे राहिले. एक चेंडू भरकटत त्यांच्याकडे आला, तो त्यांनी उघड्या हाताने उचलून फेकला. ज्याच्या पंज्यात तो जाऊन बसला तो ग्रॅहम. तो एका मोटार कारखान्यात कामाला होता आणि त्या टीमचा मॅनेजर होता. त्याने हात झटकत विचारलं, पुढच्या रविवारी काय करतोयस. पुढचे बरेचसे रविवार मामांनी हेच केलं.

त्या पार्काचं मैदान म्हणजे मैदान म्हणायचं एवढंच. मधे एक उंचवटा, तिसऱ्या बेसमागे बदकांचं तळं, आणि कुत्र्यांना मोकळं सोडायला येणारी कुटुंबं. अशा जागी चेंडू कधी, कुठे आणि कसा उसळेल ते चेंडूलाही ठाऊक नसे. पण मामांना असे. मी बघायला लागलो तेव्हा ते वयाने टीममधल्या बहुतेकांचे काका शोभले असते, तरी चेंडू बॅटला लागायच्या आधीच त्यांचं पाऊल उचललेलं दिसे. ओरडायचे मात्र शुद्ध वऱ्हाडीत. कुणी चेंडू सोडला की मामांच्या तोंडून निघे, "काहून बे?", म्हणजे का रे. होता होता सगळ्या टीमने तो शब्द उचलला. पाइप दुरुस्त करणारा एक आडदांड प्लंबर पहिल्या बेसवर असे, त्याच्याकडून चेंडू निसटला की तिथल्या मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या हेलात तो स्वतःच स्वतःला "काहून, काहून" म्हणून घेई. मामींच्या हातचा पोहे-चिवडा डब्यातून फिरे. ग्रॅहम त्याला बॉम्बे मिक्स म्हणे, आणि मामा प्रत्येक वेळी शांतपणे दुरुस्ती करत, की बॉम्बेचा याच्याशी काही संबंध नाही, हे अमरावती मिक्स आहे.

आता एवढं सगळं सांगितल्यावर बॅटिंगबद्दलही सांगायला हवं. बॅट हाती घेतली की मामांच्या चेहऱ्यावर काढा प्यायला निघालेल्या माणसाचा भाव येई. चेंडू येऊन गेल्यावर ते बॅट फिरवत, कधी येण्याच्या बऱ्याच आधी, आणि बाद झाले की चेंडू टाकणाऱ्याला मान लववून परत येत, जणू त्याने आपली एका जबाबदारीतून सुटका केली. एकदा तोंडावर येणारा चेंडू चुकवायला ते खाली बसले आणि वर राहिलेल्या बॅटला लागून तो चेंडू दूर गवतात गेला. सगळी टीम ओरडायला लागली, पळा पळा. मामा पहिल्या बेसवर पोचले आणि त्यांनी चेंडू टाकणाऱ्याची माफी मागितली. त्यांच्या स्वभावातच हल्ला करणं नव्हतं. घरातल्या वादातही ते पहिला शब्द कधी टाकत नसत. मामींनी टाकलेला मात्र एकही सुटू देत नसत.

दोन हजार चारच्या सुमारास ग्रॅहम निवृत्त होऊन बहिणीजवळ राहायला कॉर्नवॉलला निघाला, आणि जाताना आपली टोपी काढून त्याने मामांच्या डोक्यावर ठेवली. मामा मॅनेजर झाले. भूलतज्ज्ञ मॅनेजर झाला की काय होतं ते त्या उन्हाळ्यात कॉव्हेंट्रीने पाहिलं. सामन्याआधी ते प्रत्येक खेळाडूला बाजूला घेऊन विचारत, शेवटचं कधी खाल्लं, काही ॲलर्जी आहे का, दात पक्के आहेत ना. मग सगळ्यांना गोल बसवून बोलत. इतर मॅनेजर अशा वेळी आरडाओरडा करून माणसांना पेटवतात. मामांचा आवाज धीमा, मऊ, अनेक वर्षं लोकांना झोपवून झोपवून तयार झालेला. सगळं ठीक होणार आहे, काळजी करू नका, खोल श्वास घ्या, असं ते म्हणत आणि टीमला हळूहळू गुंगी येई. नऊपैकी पहिल्या दोन इनिंगमध्ये आमची माणसं स्वप्नात असल्यासारखी चालत, आणि समोरच्यांच्या धावा कुटून झाल्या की शुद्धीवर येत. शेवटी प्लंबरने सगळ्यांच्या वतीने विनंती केली, डॉक्टर, भाषण सामना संपल्यावर केलंत तर चालेल का. मामांना ते पटलं.

मॅनेजरपणाची चटक त्यांना घरीही लागली. बेसबॉलमध्ये मॅनेजर लांबून नाक, कान, टोपी चाचपून खेळाडूंना खुणा करतो. मामा कुणाकडे जेवायला गेले की कान चोळून मामींना निघायची खूण करत. मामी ती ओळखत आणि आणखी अर्धा तास बसत. मराठी मंडळाच्या दिवाळीला कम्युनिटी हॉलमध्ये जेवणाची रांग सांभाळायचं काम दिलं, तर त्यांनी वाढणाऱ्यांच्या जागा माणसं बघून बदलल्या. कुलकर्णी नेहमी डावीकडून श्रीखंडाकडे घुसतात, तिथे खमक्या बाई हव्यात, असा त्यांचा हिशेब. त्या वर्षी श्रीखंड शेवटच्या माणसापर्यंत पुरलं, हे मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

पण मॅनेजर होण्यात एक पेच होता, आणि तो मामांखेरीज सगळ्यांना आधी दिसला. कोण कुठे खेळणार हे मॅनेजर ठरवतो, आणि शॉर्टस्टॉपला कोण हे त्या टीममध्ये आजवर कुणाला ठरवावंच लागलं नव्हतं. त्याच सुमारास पोलंडहून बरीच माणसं मिडलंड्सला कामाला यायला लागली होती. त्यातला एक डोमिनिक, गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा, तिशीचा, अबोल. तो त्याच्या गावी लहानपणापासून शॉर्टस्टॉपला खेळलेला. मामांनी त्याला मागे लांब गवतात उभा केला. रविवारमागून रविवार तो गवतातून मामांची पाठ बघत राहिला, आणि मामांना पाठीला ती नजर जाणवत असणार, कारण एकदा गाडीत ते आपणहून मला म्हणाले, की त्या मुलाचे हात चांगले आहेत. मी विचारलं, तुमच्यापेक्षा? ते म्हणाले, नाही. मग सिग्नल सुटेपर्यंत थांबून म्हणाले, पाय चांगले आहेत.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या शेवटी आमची टीम कधी नव्हे ती लीगच्या सेमीफायनलला पोचली. मी, ही आणि मामी घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. आकाश नेहमीसारखं राखाडी, वारा गार. शेवटची इनिंग आली तेव्हा आम्ही दोन धावांनी पुढे होतो, समोरच्यांचे दोन गडी बाद झालेले, आणि त्यांची दोन माणसं बेसवर. आणखी एक गडी की आम्ही फायनलला. तेवढ्यात एक चेंडू आला, मामांच्या उजव्या अंगाला, तिसऱ्या बेसच्या बाजूने. फार जोरात नव्हता. मामा झेपावले, आणि चेंडू त्यांच्या पंज्यापासून हातभर लांबून निघून गेला. डोमिनिक पळत येऊन चेंडू उचलेपर्यंत एक धाव झाली होती. आमच्या टीममधले सगळे टाळ्या वाजवत होते, हरकत नाही, हरकत नाही, छान चेंडू मारला त्याने. बेसबॉलमध्ये हातातला चेंडू सुटला तर ती चूक धरतात. ज्या चेंडूपर्यंत माणूस पोचलाच नाही, त्याची चूक कुणाच्याही नावावर लागत नाही. मामा जमिनीवरून उठले. गुडघे झटकले नाहीत. त्यांनी हात वर करून खेळ थांबवला आणि अंपायरकडे चालत गेले.

अंपायर म्हणजे एक जाडजूड रिटायर्ड शाळामास्तर. आमच्या खुर्च्या जवळच होत्या, त्यामुळे दोघांचं इंग्रजीतलं बोलणं ऐकू आलं. मामा म्हणाले, शॉर्टस्टॉप बदलायचा आहे.

"कोण बाहेर जाणार?"

"मी."

"आणि मॅनेजरची परवानगी?"

"मॅनेजर मीच आहे."

अंपायरने मुखवटा वर केला. एकदा बाहेर गेलात तर या सामन्यात परत येता येणार नाही, माहीत आहे ना, असं त्याने विचारलं. मामा म्हणाले, माहीत आहे. त्यांनी डोमिनिकला हाताने पुढे बोलावलं आणि बाकावरच्या एकाला मागे गवतात पाठवलं. डोमिनिक येताना मान हलवत होता. नको डॉक्टर, आत्ता नको, आता फक्त एकच गडी, असं काहीतरी म्हणत होता. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पायाने मातीत एक जागा दाखवली, तिथे चेंडू डावीकडे वळतो म्हणून सांगितलं, आणि आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. मामी आपल्या शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

पुढचा चेंडू शॉर्टस्टॉपकडेच आला. डोमिनिक धावला, चेंडू त्याच्या छातीवर आपटून खाली पडला, त्याने तो चाचपडत उचलला आणि तोल जात असताना फेकला. प्लंबरने अंग ताणून पंजा पुढे केला. अंपायरचा हात वर गेला. आउट. सगळे मैदानात धावत सुटले आणि डोमिनिकवर पडले. मामा जागचे हलले नाहीत. "काहून छातीवर घेतला त्याने," ते पुटपुटले, "पण पोचला."

मग ते मैदानातले बेस उचलायला गेले, कारण ते मॅनेजरचं काम. परतताना गाडी मी चालवत होतो. मामींनी विचारलं, "दुखतंय का?" मामा म्हणाले, "काय?" त्या म्हणाल्या, "गुडघा म्हणते मी." मामा बाहेर बघत म्हणाले, गुडघा नाही. नंतर मला म्हणाले, "जावईबापू, तो आधीचा चेंडू. सगळ्यांना वाटलं, तो कुणाचाच नव्हता. तो माझा होता."

फायनल आम्ही हरलो, आणि अगदी व्यवस्थित हरलो. त्याचं मामांना विशेष वाटलं नाही. ते पुढे तीनचार उन्हाळे नुसते मॅनेजर राहिले, आणि सांगायला आनंद वाटतो, की फार चांगले मॅनेजर झाले. त्यांना आता दुसऱ्यांचं वय, दुसऱ्यांचे पाय आणि दुसऱ्यांचा हट्ट नीट कळायला लागला होता. कुणाला बाहेर काढायचं झालं तर ते स्वतः मैदानात चालत जात, त्याच्याबरोबर परत येत, आणि येताना हवापाण्याबद्दल बोलत. डोमिनिकला त्यांनी रोज संध्याकाळी कामानंतर पार्कात नेऊन तळव्याऐवजी बोटांच्या टोकांनी चेंडू घ्यायला शिकवलं. पुढे डोमिनिक मामींच्या स्वयंपाकघरात पोलिश पद्धतीचे उकडीचे भरले कानवले करायचा आणि मामी त्याला, हे मोदकच आहेत, फक्त नाक नाही, असं सांगायच्या. त्याचं लग्न झालं तेव्हा पोलंडला मुलाकडचे म्हणून कोण गेलं हे वेगळं सांगायला नको.

कंपनीचं काम संपून आमचं पुण्याला परतायचं ठरलं, निघण्याच्या आदल्या रविवारी मी मामांना भेटायला पार्कात गेलो. मॅनेजरची टोपी आता डोमिनिककडे होती. मामा तळ्याजवळच्या बाकावर थर्मास घेऊन बसले होते. आम्ही बराच वेळ चहा पीत खेळ बघितला. डोमिनिकने एक अवघड चेंडू लीलया उचलून फेकला आणि मामांनी समाधानाने मान डोलावली. मग एकदम म्हणाले, "इथून हे इतकं छान दिसतं, मला माहीतच नव्हतं. मी कायम तिथे आत." आणि थोड्या संकोचाने विचारलं, "मी कसा दिसायचो हो?"

मी त्यांना एक जुना चेंडू सांगितला. आम्ही नवे नवे होतो तेव्हाचा. दुसऱ्या बेसच्या पलीकडून निसटून चाललेला, सगळ्यांनी सोडून दिलेला. तुम्ही कुठून आलात कळलंच नाही, मी म्हटलं, आडवे पडलात, उठायला वेळ नव्हता म्हणून गुडघ्यांवरूनच फेकलात, आणि चेंडू असा सरळ रेषेत गेला की तळ्यावरची बदकंसुद्धा गप्प झाली. मामा कप हातात तसाच धरून ऐकत होते, एखाद्या लांबच्या नातलगाची खुशाली ऐकावी तसे. त्यांना तो चेंडू आठवत नव्हता हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी सांगायचं संपवलं तेव्हा ते किंचित पुढे झुकले.

"आउट झाला का?"

"झाला," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," मामा म्हणाले, आणि उरलेला चहा त्यांनी माझ्या कपात ओतला.